उरचा पट: साडेचार हजार वर्षांपूर्वीचा खेळ घरी कसा मांडावा, कसा खेळावा

प्राचीन जगातले पटावरचे खेळ शिकायचे आहेत, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं तर मी उरच्या पटाचं नाव घेतो. इजिप्तचा सेनेट याहूनही जुना आहे आणि आपला सारीपाट जास्त ओळखीचा आहे. पण उरच्या बाबतीत एक दुर्मीळ योग जुळून आला आहे. पट सापडला, सोंगट्या सापडल्या, फासे सापडले आणि खेळाचे नियम सांगणारी मातीची पाटीही सापडली. शिवाय नियम इतके सुटसुटीत आहेत की आठ-नऊ वर्षांचं मूल पहिल्याच डावात रमतं, आणि चार डाव झाल्यावर मोठी माणसंही दान टाकण्याआधी विचारात पडतात.

उर हे दक्षिण इराकमधलं सुमेरियन शहर. १९२२ ते १९३४ या काळात लिओनार्ड वूली यांनी ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं संग्रहालय यांच्यासाठी तिथे उत्खनन केलं. तिथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत, इसवी सनापूर्वी सुमारे २६०० ते २४०० या काळातल्या थडग्यांमध्ये, हे पट मिळाले. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध पटाचं लाकूड मातीत कुजून गेलं होतं. शिल्लक होते ते शिंपल्याचे चौकोन आणि त्यांत बसवलेले लाल चुनखडीचे व निळ्या लाजवर्दाचे तुकडे. हा लाजवर्द आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येत असे. एका खेळासाठी एवढ्या दुरून दगड आणवणारी माणसं त्या खेळावर किती जीव लावत असतील, याचा विचार पट रंगवताना जरूर करा.

नियमांची पाटी मात्र खूप नंतरची, बॅबिलोनची. इत्ती-मार्दुक-बलातु नावाच्या लेखनिकाने ती इसवी सनापूर्वी १७७-१७६ मध्ये लिहिली. १८८० साली ती ब्रिटिश म्युझियममध्ये आली आणि जवळपास शंभर वर्षं कुणाला तिचा अर्थ लागला नाही. १९८०च्या दशकात त्याच संग्रहालयातले कीलाकार लिपीचे अभ्यासक अर्व्हिंग फिंकेल यांच्या लक्षात आलं की ही वीस घरांच्या, म्हणजे याच उरच्या पटाच्या, खेळाबद्दलची आहे. पट आणि पाटी यांच्यात दोन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर आहे, म्हणून आज जगभर जे नियम खेळले जातात ते पाटीवरून, पटाच्या रचनेवरून आणि सापडलेल्या सोंगट्या-फाशांवरून नव्याने बसवलेले आहेत. हे एकदा स्पष्ट करून ठेवलं की पुढे नियमांवरून भांडणं होत नाहीत. खाली दिलेली पद्धत नवशिक्यांसाठी सर्वांत सोपी आणि सर्वांत प्रचलित आहे.

पट तयार करणं

जाड पुठ्ठा घ्या. त्यावर ३२ सेंमी लांब आणि १२ सेंमी रुंद आयत आखा आणि त्यात चार-चार सेंमीचे चौकोन पाडा. आडव्या तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ घरं, अशी चोवीस घरं होतील. उरचा मूळ पट सुमारे ३० सेंमी लांब आणि ११ सेंमी रुंद आहे, म्हणजे तुमचा पट मापाने त्याच्या अगदी जवळ जातो.

आता पट आडवा समोर ठेवा आणि डावीकडून घरं मोजा. वरच्या ओळीतलं पाचवं आणि सहावं घर कापून टाका. खालच्या ओळीतलीही तीच दोन घरं कापा. उरली वीस घरं. डावीकडे बारा घरांचा मोठा चौक, उजवीकडे सहा घरांचा छोटा चौक आणि मध्ये त्यांना जोडणारा दोन घरांचा पूल. पुठ्ठा कापायचा नसेल तर ती चार घरं काळी करा, चालेल.

पाच घरांत फूल काढायचं आहे, आठ पाकळ्यांचं. वरच्या ओळीत पहिल्या आणि सातव्या घरात, खालच्या ओळीत पहिल्या आणि सातव्या घरात, आणि मधल्या ओळीत चौथ्या घरात. एवढी पाच फुलं नीट जागेवर आली की खेळापुरता पट तयार. मूळ पटावर बाकीच्या घरांतही डोळे, ठिपके आणि चौकड्यांची नक्षी आहे. या खेळात त्या नक्षीला काम नाही, पण हौस असेल तर जरूर काढा. माझं तर मत आहे की घरातल्या मुलांना हे काम द्यावं. स्वतः रंगवलेल्या पटावर मूल जास्त वेळ बसतं.

सोंगट्या आणि फासे

प्रत्येकाला सात सोंगट्या लागतात. उरला शिंपल्याच्या पांढऱ्या आणि दगडाच्या काळ्या गोल चकत्या मिळाल्या आहेत. आपल्याकडे त्यासाठी कॅरम पुरेसा आहे. त्यात काळ्या नऊ आणि पांढऱ्या नऊ सोंगट्या असतात, त्यांतल्या सात-सात घ्या. चार सेंमीच्या घरात त्या व्यवस्थित बसतात, म्हणून तर पट या मापाचा आखायला सांगितला.

फाशांचं जरा समजून घ्यावं लागेल. उरचे फासे चार टोकांचे आहेत, छोट्या पिरॅमिडसारखे. चारांपैकी दोन टोकांवर खूण असते. फासा कसाही पडला तरी एक टोक वर राहतं. ते खुणेचं असेल तर एक, नसेल तर शून्य. म्हणजे प्रत्येक फासा फक्त हो किंवा नाही एवढंच सांगतो. असे चार फासे एकदम टाकायचे आणि खुणेची टोकं मोजायची. दान शून्यापासून चारपर्यंत पडतं.

असे फासे घरी करणं कटकटीचं आहे आणि त्याची गरजही नाही. एकाच किमतीची चार नाणी घ्या. छापा म्हणजे एक, काटा म्हणजे शून्य. गणिताच्या दृष्टीने हे उरच्या फाशांइतकंच काटेकोर आहे. नाणी नको वाटत असतील तर दोन चिंचोके फोडून त्यांची चार दळं करा; पांढरी बाजू वर आली की एक धरा. चार कवड्याही चालतात. मात्र चिंचोके आणि कवड्या दोन्ही बाजूंना सारख्या प्रमाणात पडतीलच असं नाही, त्यामुळे पुढे दिलेला दानांचा हिशोब त्यांना तंतोतंत लागू होणार नाही. मजा मात्र चिंचोक्यांच्या आवाजात जास्त आहे.

सोंगटीची वाट

इथे बहुतेकजण अडखळतात, म्हणून सावकाश वाचा आणि एक सोंगटी हातात घेऊन बोटाने वाट चालून बघा.

दोघे खेळाडू पटाच्या दोन लांब बाजूंना समोरासमोर बसतात. तुमच्या बाजूची बाहेरची ओळ तुमची, समोरची त्याची, आणि मधली आठ घरांची ओळ दोघांची सामाईक. घरांचे आकडे मी डावीकडूनच सांगतो आहे, म्हणजे मोठा चौक दोघांनीही डावीकडचा समजायचा.

सोंगटी पटाबाहेरून तुमच्या ओळीतल्या चौथ्या घरात शिरते, म्हणजे कापलेल्या फटीला लागून असलेल्या घरात. तिथून ती पुलाकडे जात नाही, उलट दिशेने, पटाच्या डाव्या टोकाकडे सरकते. चौथं, तिसरं, दुसरं, पहिलं. त्या पहिल्या घरात फूल आहे. ही झाली वाटेवरची पहिली चार पावलं.

तिथून वळून मधल्या ओळीत यायचं आणि सरळ उजवीकडे निघायचं. पाचव्या पावलापासून बाराव्या पावलापर्यंत ही मधली ओळ आहे. आठव्या पावलावर मधलं फूल लागतं, मग पूल, मग छोटा चौक. बाराव्या पावलानंतर पुन्हा स्वतःच्या बाजूला वळायचं: तेरावं पाऊल कोपऱ्यात, चौदावं त्याच्या शेजारच्या फुलावर. पंधरावं पाऊल पटाबाहेर. ज्या फटीजवळून सोंगटी शिरली होती, त्याच फटीतून ती बाहेर पडते. बाहेर पडली की पिकली.

पहिले काही डाव तरी घरांच्या कडेला पेन्सिलीने १ ते १४ आकडे लिहून ठेवा. पुढचं सगळं मी याच आकड्यांत सांगणार आहे.

नियम

दोघांनी एकेक दान टाकायचं. ज्याचं मोठं त्याने सुरुवात करायची. सातही सोंगट्या आधी पटाबाहेर असतात. जेवढं दान पडेल तेवढी घरं एक सोंगटी चालवायची. नवी सोंगटी आणायला लुडोसारखी सहाची वाट बघावी लागत नाही. दोन पडले की ती थेट २वर येऊ शकते. एक दान एकाच सोंगटीचं, ते दोघींत वाटता येत नाही. शून्य पडलं की पाळी गेली.

मधल्या ओळीत समोरच्याची सोंगटी असलेल्या घरात तुमची नेमकी पोचली की ती मेली. ती पटाबाहेर जाते आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बाहेरच्या ओळींत कुणी कुणाला मारू शकत नाही, कारण तिथे दुसरा येतच नाही. वाटेतल्या सोंगट्यांवरून उडी मारून पुढे जाता येतं, मग त्या कुणाच्याही असोत. एका घरात एकच सोंगटी. स्वतःची सोंगटी असलेल्या घरात दुसरी नेता येत नाही. सारीपाटातलं जुग, म्हणजे एकाच घरातली दोन सोंगट्यांची जोडी, इथे नाही, आणि सोंगटी मारली म्हणून जादा दानही मिळत नाही. आपल्याकडच्या खेळांची सवय असलेल्यांचा हात इथे हमखास पुन्हा फाशांकडे जातो.

जादा दान मिळतं ते फुलावर. फुलाच्या घरात सोंगटी थांबली की लगेच आणखी एक दान टाकायचं आणि ते कोणत्याही सोंगटीसाठी वापरायचं. पुन्हा फूल लागलं तर पुन्हा दान. मधल्या ओळीतलं ८वरचं फूल त्याहून मोलाचं आहे, कारण तिथे बसलेल्या सोंगटीला मारता येत नाही. ती हलेपर्यंत समोरच्याला त्या घरात थांबता येत नाही.

बाहेर पडायला नेमकं दान लागतं. १४वरच्या सोंगटीला एकच, १३वरच्या सोंगटीला दोनच, १२वरून तीन. जास्त पडलं तर ती सोंगटी जागची हलत नाही.

आणि शेवटचा नियम, जो पुढे फार महत्त्वाचा ठरतो: चाल करता येत असेल तर करावीच लागते, नको असली तरी. एकही चाल शक्य नसेल तरच पाळी सोडायची. ज्याच्या सातही सोंगट्या आधी पिकतील तो जिंकला.

एक छोटा नमुना

पांढऱ्याला दोन पडले. सोंगटी २वर आली. काळ्याला एक, त्याची सोंगटी त्याच्या १वर. पांढऱ्याला पुन्हा दोन पडले, सोंगटी ४वर फुलावर गेली, जादा दान मिळालं, पण शून्य पडलं. काळ्याला तीन, त्याची सोंगटीही त्याच्या बाजूच्या ४वर पोचली, फुलाचं दान मिळालं आणि दोन पडले. आता त्याच्यापुढे दोन वाटा होत्या: नवी सोंगटी २वर आणायची, किंवा पुढची ६वर न्यायची. त्याने घाईने ६वर नेली. पण पांढऱ्याची सोंगटी स्वतःच्या ४वर टपून बसली होती, आणि तिथून ६ हे बरोबर दोन पावलांवर. पांढऱ्याला दोन पडले, काळी मेली. काळ्याने पुढच्या दोनवर नवी सोंगटी आणली. पांढऱ्याला पुन्हा दोन पडले, सोंगटी ६वरून ८वर गेली, मधलं फूल हाती आलं आणि वर जादा दान.

काळ्याची चूक कळली ना? दोन हे सर्वांत जास्त वेळा पडणारं दान आहे आणि तो शत्रूच्या बरोबर दोन पावलं पुढे जाऊन थांबला.

दानांचा हिशोब

चार नाणी एकूण सोळा प्रकारांनी पडू शकतात. त्यांत शून्य एकदा, एक चार वेळा, दोन सहा वेळा, तीन चार वेळा आणि चार एकदा येतं. हा हिशोब डोक्यात ठेवला की निम्मा खेळ आला.

मधल्या ओळीत थांबताना मागे वळून बघायचं. शत्रूची सोंगटी दोन पावलं मागे असेल तर मार बसण्याची शक्यता १६ पैकी ६. एक किंवा तीन पावलं मागे असेल तर १६ पैकी ४. चार पावलं मागे असेल तर १६ पैकी फक्त १, म्हणजे बऱ्यापैकी निर्धास्त राहा. दोन शत्रू असतील, एक पाऊल मागे एक आणि तीन पावलं मागे दुसरा, तर धोका थेट १६ पैकी ८वर जातो, म्हणजे निम्म्यावर. एक, दोन आणि तीन अशा तिन्ही अंतरांवर शत्रू बसले असतील तर १६ पैकी १४. तिथे थांबणं म्हणजे सोंगटी हातात नेऊन देणं. आणि शत्रूच्या स्वतःच्या ४वरची सोंगटी मोजायला विसरू नका. ती अजून मधल्या ओळीत आलेली नसते म्हणून नजरेतून सुटते, पण ५, ६ आणि ७ ही तिन्ही घरं तिच्या माऱ्यात असतात.

आता मधल्या फुलाकडे या. ८वर बसलेली सोंगटी ९, १०, ११ आणि १२ या चारही घरांवर लक्ष ठेवते. सामाईक ओळीतली उरलेली घरं नेमकी तेवढीच आहेत. म्हणजे तुमची सोंगटी ८वर असेपर्यंत समोरच्याच्या कुठल्याही सोंगटीला तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि तुमच्या त्या सोंगटीला मात्र कुणी हात लावू शकत नाही. खेळातली सगळ्यात मोक्याची जागा हीच.

ती टिकवायची कशी? इथे तो सक्तीच्या चालीचा नियम आठवा. तुमच्याकडे चालवायला दुसरी सोंगटी नसेल तर ८वरचीच हलवावी लागेल. म्हणून तिथे पोचण्याआधीच मागे एक-दोन सोंगट्या पटावर आणून ठेवा, म्हणजे पडलेलं दान त्यांच्यावर खर्च करता येईल. एकच सोंगटी पुढे पळवत नेणारा खेळाडू ८ फार काळ धरून ठेवू शकत नाही. सगळ्या सोंगट्या एकदम पटावर आणणंही बरोबर नाही, कारण मग स्वतःच्याच ओळीत गर्दी होऊन चाली अडतात. मी साधारण तीन सोंगट्या पटावर ठेवून खेळतो आणि एखादी पिकली की पुढची आणतो.

शेवटच्या टप्प्याबद्दलही सांगायला हवं. १४वरच्या फुलाचा मोह सगळ्यांना होतो, कारण जादा दान मिळतं. पण तिथून सुटायला नेमका एक लागतो, आणि तो १६ पैकी ४ वेळाच पडतो. तोवर ते घर अडलेलं राहतं आणि तुमच्या मागच्या सोंगट्यांना ते फूल मिळत नाही. १३वरून सुटायला दोन लागतात, ते १६ पैकी ६ वेळा. म्हणून मागे धोका नसेल तर मी १४ आणि १३ या दोन्ही घरांत एकेक सोंगटी ठेवायला बघतो: एक पडलं तरी एक पिकते, दोन पडले तरी एक पिकते. १२वर मात्र रेंगाळू नका. ते अजून सामाईक घर आहे, आणि इतकी वाट चालून आल्यावर मरणं सर्वांत महाग पडतं.

सरावल्यावर

नियम अंगवळणी पडले की बॅबिलोनच्या पाटीकडे वळा. त्या पाटीतल्या खेळात प्रत्येकाकडे पाचच सोंगट्या असतात आणि त्यांना पक्ष्यांची नावं आहेत, त्यांत पाकोळी, डोमकावळा, कोंबडा आणि गरुडही आहेत. प्रत्येक पक्ष्याला पटावर यायला त्याचं ठरावीक दान लागतं. फासे म्हणून मेंढीच्या आणि बैलाच्या घोट्याची हाडं वापरली जात. पाटीच्या दुसऱ्या बाजूला बारा राशींची चौकट आहे आणि तिच्यात भविष्याची छोटी वाक्यं लिहिलेली आहेत. म्हणजे तोवर हा पट भविष्य पाहण्याशीही जोडला गेला होता. खेळात थोडी पैजेची गंमत आणायची तर घरी मी असं करतो: दोघांसमोर मूठभर शेंगदाणे, मध्ये एक वाटी. सोंगटी फुलावर थांबली तर वाटीतला एक दाणा उचलायचा, न थांबता फूल ओलांडलं तर एक दाणा वाटीत टाकायचा. एवढ्या एका बदलाने खेळाचा सगळा तोल पालटतो, कारण आता फूल चुकवून पळणं फुकट राहत नाही.

दुसरा प्रकार पटाच्या आकाराचा. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात छोटा चौक उलगडून त्याची सरळ शेपटी झाली: बारा घरांचा चौक आणि पुढे एका ओळीत आठ घरं. घरं वीसच राहिली. हाच पट इजिप्तमध्येही पोचला. तुतनखामेनच्या थडग्यातल्या खेळाच्या पेट्यांना एका बाजूला सेनेट आणि दुसऱ्या बाजूला वीस घरांचा पट आहे. आणि भारतापुरती सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे कोचीच्या ज्यू समाजात वीस घरांचा एक खेळ १९५०च्या दशकापर्यंत, ते लोक इस्रायलला स्थलांतरित होऊ लागेपर्यंत, खेळला जात होता. शेपटीचा पट करून बघायचा असेल तर छोट्या चौकातली बाजूची चार घरं कापा आणि मधल्या ओळीला पुढे जोडा. मग वळून स्वतःच्या बाजूला यायची सोय राहत नाही, शेवटपर्यंत सगळी वाट सामाईक होते आणि मारामारी कितीतरी वाढते. नवशिक्यांनी आधी जुना पट पक्का करूनच याकडे यावं.

लंडनला कुणी राहत असेल किंवा जाणार असेल तर ब्रिटिश म्युझियममध्ये ५६ क्रमांकाच्या दालनात उरचा पट बघता येतो. पण त्यानंतर असिरियन शिल्पांकडेही जा. दुसऱ्या सार्गोनच्या, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या खोर्साबादच्या राजवाड्याच्या दारातले माणसाच्या तोंडाचे, पंखांचे प्रचंड बैल तिथे उभे आहेत. त्यांतल्या एकाच्या पायथ्याच्या दगडावर वीस घरांचा पट ओरखडून काढलेला आहे. राजघराण्याच्या दफनभूमीत लाजवर्दाचा आणि राजवाड्याच्या दारात टोकदार हत्याराने खरवडलेला, असे या खेळाचे दोन्ही पट एकाच इमारतीत आहेत. बैलाच्या भव्यतेत तो पट सहज नजरेआड होतो, म्हणून खाली वाकून बघा.